दोन मांडव, एकच नंबर

"माझ्या पायलच्या लग्नात शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा तिच्या कपाळावरची टिकली दिसणार, आणि हजार माणसांच्या अक्षता एका दमात तिच्यावर पडणार," असं कोंडाजी थेटे महिनाभर गिरणाऱ्यापासून घोटीपर्यंत सांगत सुटले होते. थेटे लॉन्सचे ते मालक. लॉन्सवर मांडव दोन आणि दोन्हींत भिंतीएवढा एकेक स्क्रीन. लग्न लेकीचं असलं तरी दाट तिथीला दुसरा मांडव रिकामा ठेवणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून तिथं परक्यांचं लग्न होतं. त्यांचा मुहूर्त साडेबाराचा, पायलचा बारा सदतीसचा.

भाचा नवनाथ मागच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसला होता. साध्या काळ्या सिरियल केबलीतून हा पोरगा हुकूम सोडतो आणि दोनशे फुटांवरचा स्क्रीन मुकाट्यानं ऐकतो, याचं कोंडाजींना भारी अप्रूप. घरात त्यांचं इतकं कोणी ऐकत नसे.

"मामा, घोळ झालाय," नवनाथ म्हणाला. "पायलचा स्क्रीन एक नंबर, तो सकाळी रिमोटनंच लावला, बरोबर चालू आहे. दोन नंबरला सांगतोय, त्या मांडवातला कॅमेरा दाखव. तर निळाच्या निळा, उत्तरसुद्धा देईना. बघून येतो."

तो वायरी तपासायला पळाला आणि कोंडाजींना एकदम आठवलं. मागच्या सीझनला त्या मांडवातल्या वरबापानं स्क्रीनच्या कोपऱ्यात दोनचा आकडा पाहिला होता. "आम्ही काय दोन नंबरचे पाहुणे?" म्हणून तो जेवणावरून उठला होता. तेव्हा कोंडाजींनी स्वतः रिमोट घेऊन त्या स्क्रीनलाही एक नंबर देऊन टाकला होता. नंतर दोन्ही स्क्रीन एकदमच चालू-बंद व्हायचे, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता.

समोर नवनाथचा हुकूम तसाच टाइप केलेला होता. कोंडाजींनी त्यातला दोन पुसला, एक लिहिला आणि एंटर दाबलं.

लगेच नवनाथचा फोन. "मामा, आलं की! काय केलंत?"

"हुकूम सोडला," कोंडाजी म्हणाले. आपल्याच बोटाकडे ते भक्तिभावानं बघत राहिले.

इतक्यात शेजारच्या मांडवातलं "शुभमंगल सावधान" कानावर आलं आणि ते मिशीवरून हात फिरवत आपल्या मांडवात शिरले. हजार माणसं स्क्रीनकडे तोंड करून उभी होती. खरं स्टेज सहा फोटोग्राफर आणि फेटेवाल्या पाहुण्यांनी कधीच झाकून टाकलं होतं. स्क्रीनवर कुणीतरी भलतीच मुलगी मुंडावळ्या बांधून उभी होती. ताशा कडाडला, हजार मुठी उघडल्या आणि सगळ्या अक्षता त्या परक्या पोरीच्या नावानं पडल्या. दुसऱ्या क्षणाला अख्खा मांडव जेवणाकडे धावला. फोटोग्राफरही गेले, कारण पहिल्या पंगतीचे फोटो महत्त्वाचे.

"अहो, थांबा, आपलं अजून लागायचंय," कोंडाजी ओरडत होते. कोण ऐकतोय?

ते धापा टाकत खोलीकडे परतले आणि तोवर परतलेल्या नवनाथला त्यांनी सगळं कबूल केलं. नवनाथनं कपाळावर हात मारला. तो रिमोट घेऊन धावत जाऊन दुसऱ्या स्क्रीनला दोन नंबर देऊन आला आणि मग एक नंबरला हुकूम सोडला.

रिकाम्या खुर्च्यांवर पायलचा चेहरा उगवला, भिंतीएवढा. टिकली खरंच दिसत होती. बघायला होते भटजी, घरची दहाबारा माणसं आणि पुढच्या खुर्चीत नवरदेवाची सटाण्याची आजी, बयाबाई.

"तुम्ही नाही गेलात?" कोंडाजींनी विचारलं.

"माले टीव्हीवर काय दिखस नही, भाऊ," बयाबाई मूठ आवळून म्हणाल्या. "भटजी म्हनी तवय टाकसू."

बारा सदतीस झाले. अकरा वर्षं लॉन्स चालवून कोंडाजींनी मंगलाष्टकं पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकली. हजार माणसांच्या अक्षता एरवी पुढच्या रांगांच्या टकलांवरच पडतात. बयाबाईंच्या मात्र नेमक्या पायलच्या डोक्यावर पडल्या, आणि कोंडाजी लहान मुलासारखे रडले.

डोळे पुसत ते बाहेर आले, तर नवरदेवाचे काका हात धुऊन, ढेकर देत समोर उभे. कोंडाजींचा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले, "थेटेसाहेब, मानलं तुम्हाला. मुहूर्ताच्या आधी लागलेलं लग्न आमच्या खानदानात आजच पाहिलं. पोरगी फोटोपेक्षा जरा वेगळी वाटली, पण चालायचंच."