तुजं गाणं कंचं?

आमच्या शेजारच्या बारकूभाऊला राम राम घातला तर तो उलटा राम राम घालत नाही. "तुजं गाणं कंचं?" असं विचारतो. माणूस ओळखीचा असो नसो. मुरबाडला दवाखान्यात डॉक्टर सुई भरत होता, त्यालाही विचारलं. डॉक्टर म्हणाला, "काका, आधी पँट जरा खाली घ्या." हा म्हणाला, "घेतो. तू आदी गाणं सांग." डॉक्टरने सांगितलं. कॉलेजात असताना एका मुलीच्या बिल्डिंगखाली उभा राहून ऐकलेलं गाणं होतं. मुलगी काही खाली उतरली नाही. ते दोघं आत त्या मुलीचं बोलत बसले आणि आम्ही बाहेर बाकावर तापाने फणफणत.

नुसतं गाणं सांगून सुटका नसते. कुठं ऐकलं, संगं कोण होतं, त्या दिवशी काय जेवला होतास, सगळं सांगावं लागतं. "नुसतं गाणं रेडूवर बी असतं," बारकूभाऊ म्हणतो. "तुजं कसं झालं ते सांग."

आणि एकदा सांगितलं की माणसाचं नाव बदललं. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या पोराने सांगितलं होतं, बारावीचा निकाल कळला तेव्हा वाशिंदला चहाच्या टपरीवर अमुक गाणं वाजत होतं. तो आता बढती मिळून जीपमधून येतो, बरोबर दोन माणसं असतात. बारकूभाऊ ओट्यावरून हाक मारतो, "अरे बारावी नापास, ये, चा घे." तो मुकाट्याने येऊन चहा घेतो.

माझी पंचाईत अशी की मला गाणंच नाही. मी चौथी शिकले, तीसुद्धा गुरुजींना बाकावरची जागा रिकामी करायची होती म्हणून. गळा देवाने दिलाच नाही. मी अंगाई म्हटली की झोपलेलं पोर उठून बसायचं. सुनेने शेवटी हात जोडले, "आई, तुमी पाळणा हलवा, पन गाऊ नका."

"गाणं नाय असं माणूस नसतं, वयनी," बारकूभाऊ म्हणायचा.

"मी हाय ना तुमच्या म्होरं. नीट बघून घ्या."

तो ऐकतो थोडाच. एकदा म्हसा गावच्या जत्रेत आमची नवी म्हैस दावं तोडून पळाली होती आणि मी लुगडं खोचून तिच्या मागे. त्या वेळी आकाशपाळण्यावरच्या भोंग्यावर गाणं लागलं होतं म्हणे. बारकूभाऊने ते माझ्या नावावर लावून टाकलं आणि आळीभर सांगत सुटला. ते गाणं कुठलं, मला आजही माहीत नाही. माझं लक्ष म्हशीकडे होतं.

त्याची बायको ठकूबाई मात्र खरी गाणारी. धवलारीण होती. आमच्याकडे पूर्वी लग्नाला भटजी मागाहून लागायचा, आधी धवलारीण. ती लग्नाची गाणी म्हणायची, त्यांना धवले म्हणतात. धवल्यातून देवांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. ठकी ओळ टाकायची आणि आम्ही बाया मागून उचलायचो. मागच्या घोळक्यात माझ्यासारखी एखादी खपून जाते. वाशिंदच्या कारखान्यातली वॉचमनची ड्युटी संपवून बारकूभाऊ तिला सायकलवर बसवून लग्नाला न्यायचा आणि धवले संपेपर्यंत मांडवाच्या मेढीला टेकून बसायचा.

ठकी गेली. त्यानंतर बारकूभाऊने नवीनच धंदा काढला. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुणाचंही लग्न असो, आवतण असो नसो, हा हळदीला हजर. जाऊन मेढीशी बसतो, इकडे तिकडे बघतो आणि थोड्या वेळाने उठून चालायला लागतो. मला वाटलं, म्हातारपणी जिभेला चटक लागली. मी तोंडावर म्हटलंसुद्धा, "भावजी, लोकांच्या मांडवातला भात काय वेगळा शिजतो?" तो नुसता हसला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीचं, पूनमचं लग्न ठरलं. त्याच आठवड्यात बारकूभाऊ आला आणि दारातच उभा राहिला. गाणं विचारलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिघडलंय.

"पूनमच्या हळदीला धवला हाय का?"

"नातवानं डीजे सांगितलाय. आन् धवला म्हणणार कोण? ठकी नाय आता."

"तू हायस. तू म्हणायचीस की तिच्या मागून."

"भावजी, मागून म्हणायला तोंड लागतं. म्होरं म्हणायला गळा लागतो."

तो खाली बसला. म्हणाला, "ती गेल्यापासून लगनं हिंडतोय. वाटतं, कुठंतरी कुणीतरी म्हणंल. जावं तिथं डीजे."

"मोबाइलात का नाय धरून ठेवलंत तिचं?"

"तिनं धरू दिलं नाय. कार्य नसताना धवला वाजला तर देव येतील, आन् लगन नाय बघून काय म्हणतील, असं म्हणायची. मला बी तसा ऐकायचा नाय. लगनातच पायजे."

मी त्याला हो म्हटलं नाही. विचार करते म्हटलं. विचार कसला करायचा, भीतीच वाटत होती.

हळदीच्या दिवशी दुपारी बारकूभाऊ मेढीशी येऊन बसला. माझ्याकडे बघतही नव्हता. त्याने बघितलं असतं तर मी चिडून नाही म्हटलं असतं. मी नातवाला म्हटलं, "नीलेश, तुजा डबा बंद कर जरा."

"का गो आजी?"

"मी गाणार हाय."

त्याने बंद केला. मला वाटतं, घाबरून.

पूनमला पाटावर बसवलं आणि मी सुरुवात केली. पहिल्याच ओळीला पाहुण्या बायांनी तोंडाला पदर लावले. मांडवाखालचं कुत्रं उठून गेलं. मी गावदेवीला बोलावलं, वाघोबाला बोलावलं, आणि पुढे सगळं कोरं. तोंड उघडं, ओळ नाही.

"हिरव्या देवाला आवतन गेलं," मेढीकडून आवाज आला.

बारकूभाऊ जमिनीकडे बघून म्हणत होता. हे बायांचं गाणं, पुरुषाने म्हणायचं नसतं. पोरी फिदीफिदी हसल्या. पण त्याची ओळ ठकीसारखीच शेवटाला लांबत होती, आणि ती जिथे श्वास घ्यायची तिथेच हा घेत होता. मी मागून उचलली. ते मला येतं. तो टाकायचा, मी उचलायची. पोरींचं हसू थांबलं.

देव संपले. मग घरातली गेलेली माणसं. ती आमची, त्यांची नावं घरच्यानेच घ्यायची, म्हणून तो थांबला. मी सासऱ्यांना बोलावलं, सासूला बोलावलं, माझ्या मालकांना बोलावलं. त्यानंतर मी ठकूबाईचं नाव घेतलं. ती आमच्या घरातली नव्हे, भावकीतलीही नव्हे. रीतीत ते बसत नाही. एक-दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. बघू देत.

बारकूभाऊने मान वर केली नाही. नुसता मेढीपासून थोडा सरकला आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

कल्याणहून आलेली एक पाहुणी ती मोकळी जागा बघून टेकायला निघाली.

"तिथं बसू नको गो," मी म्हटलं, आणि पुढचं नाव घेतलं.