नांदतं घर

"रिकामं घर कोणी घेत नाही! लोकांना नांदतं घर दाखवायचं!" घरांची दलाली करणाऱ्या नवऱ्याचं हे ब्रीदवाक्य तिने जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं, की पहिल्या घासालाच ती मान डोलावून मोकळी व्हायची.

ती चार दिवसांसाठी बहिणीकडे गेली आणि तिसऱ्याच दिवशी परतली. कुलूप उघडून बघते तर काय, घर धुऊन नेलेलं! सोफा नाही, पडदे नाहीत, गालिचा नाही. आणि खिडकीजवळची खुर्चीही नाही! सुतारकाम करणाऱ्या तिच्या वडिलांनी जाण्याआधी केलेली ती शेवटची वस्तू होती.

ती "चोर! चोर!" म्हणून ओरडणार, एवढ्यात शेजारीण आली. "अहो, चोर कसला! तुमच्या ह्यांनीच टेम्पोत भरलं सगळं. समोरच्या सोसायटीत घर दाखवायचंय म्हणाले. तुम्ही यायच्या आत परत आणणार होते!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली बॅगही खाली न ठेवता ती तशीच निघाली.

समोर तिसऱ्या मजल्यावर 'घर पाहायला या' अशी पाटी आणि दाराबाहेर हा चपलांचा ढीग! आत वडिलांच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ ऐसपैस बसले होते.

"ही खुर्ची फार आवडली बुवा! घरासोबत मिळेल?"

"म्हणजे काय! घर घ्या, खुर्ची आमच्याकडून भेट!" नवरा म्हणाला, आणि त्याला दारात बायको दिसली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण दलालच तो! "या मॅडम, तुम्हालाही घर बघायचंय का?"

"मॅडम? थांबा, बघतेच!"

तिने पडदा ओढून काढला. खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या इमारतीचा गळका पाइप! "पडदा माझा!" गालिचा गुंडाळला. खाली सहा फरशा फुटलेल्या! "गालिचा माझा!" भिंतीवरचं चित्र उतरवलं. मागे ओल, चांगली ताटाएवढी! "हेही माझंच!"

"अहो मॅडम, जरा..."

"पुन्हा मॅडम म्हणालात तर याद राखा! बायको आहे मी तुमची!"

घर बघायला आलेली माणसं आता भिंतीला टेकून तमाशा बघू लागली.

"आणि उठा हो तुम्ही!" ती गृहस्थांवर कडाडली. "माझ्या वडिलांच्या हातची आहे ती! भेट द्यायला काय रस्त्यावर पडली होती?"

गृहस्थ ताडकन उठले. "माफ करा, ताई. हे घर काही आम्हाला नको. पण ज्या घरात वस्तू इतक्या जिवापाड जपतात, ते घर कसं असेल हो!"

तिचे डोळे भरून आले. राग जरा कुठे उतरू लागला होता. तेवढ्यात नवऱ्याचे डोळे चमकले.

"आत्ता दाखवतो की! समोरच आहे. आणि तुमचं नशीब बघा, सध्या अगदी रिकामंच आहे!"

तिने खुर्ची उचलली. सगळ्यांना वाटलं, घरी न्यायला. नवरा मात्र चपला न घालताच जिना उतरला.