एकवीस खिशांचा अहवाल

शुक्रवारी सकाळी दहापावले दोन्ही कानांत कापूस घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "बोल काहीतरी. बघू, किती ऐकू येतंय."

बायको बोलली. बरंच बोलली. गेल्या आठवड्यात थंडी वाजत असताना टोपी न घालता हिंडल्याबद्दल जे जे बोलायचं राहिलं होतं, ते सगळं बोलून घेतलं.

"अगं, बोल ना," दहापावले म्हणाले.

मग ती अगदी कानापाशी येऊन ओरडली, "रविवारपर्यंत कापूस काढायचा नाही! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय!" तेव्हा कुठे त्यांना 'रविवार' एवढं कळलं.

तसं पाहिलं तर सिनेमागृहाच्या दारवानाला कान लागतातच कशाला? तिकीट फाडायला डोळे आणि बोटं पुरतात. पण हे दारवान नुसते दार सांभाळणारे नव्हते. त्यांचं खरं आडनाव काय होतं ते आता त्यांनाही आठवून सांगावं लागे. सगळे त्यांना दहापावलेच म्हणत, आणि त्याला कारण होतं.

सिनेमागृहाच्या मालकीणबाई स्वतः कधी सिनेमा पाहत नसत. सासऱ्यांच्या मागे एवढं मोठं सिनेमागृह त्यांच्या गळ्यात पडलं, आणि अंधारात बसलं की त्यांना पाचव्या मिनिटाला झोप लागायची. त्यामुळे शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिला खेळ सुटताना दहापावले बाहेर पडायच्या दाराशी उभे राहत आणि लोकांचं बोलणं ऐकत. तेही फक्त पहिल्या दहा पावलांचं. "बाई, पहिल्या दहा पावलांत माणूस खोटं बोलत नाही," ते सांगत. "अकराव्या पावलाला त्याला स्कूटरची किल्ली आठवते, घर आठवतं, आणि आपण शहाणे आहोत हेही आठवतं. मग तो टीका करायला लागतो." वर ऑफिसात जाऊन ते अहवाल द्यायचे, आणि सिनेमा ठेवायचा की शनिवारपासून दुसरा लावायचा, ते बाई त्यावर ठरवायच्या. एकदा तर त्यांनी सांगितलं होतं, "बाई, कुणी एक शब्द बोलत नाहीये, पण जिना उतरताना नवराबायकोंनी एकमेकांचे हात धरलेत." तो सिनेमा अकरा आठवडे चालला. तीस वर्षांत त्यांचा अहवाल एकदाही चुकला नव्हता. अशा माणसाच्या कानात कापूस म्हणजे आचाऱ्याची जीभच गेल्यासारखं होतं.

त्यातून या शुक्रवारचा सिनेमा घरचाच होता म्हणायचा. गोंधळ्या गुप्तहेराची ती गोष्ट. पहिल्या भागात या हेराची हत्यारांची पिशवी दर वेळी भलत्याच गाडीत राहायची. म्हणून दुसऱ्या भागात त्याच्या साहेबांनी त्याला बावीस खिशांचा कोट दिला होता, आणि आता त्याला हवी ती वस्तू हव्या त्या खिशात कधीच सापडत नव्हती. तो कोट दहापावलेंच्या बायकोने शिवला होता. शूटिंग दोन गल्ल्या पलीकडे चाललं होतं, सिनेमावाल्यांनी आणलेला कोट इस्त्रीखाली जळला, आणि कपडेपटाचा माणूस घाबराघुबरा होऊन तिच्या शिलाई मशीनसमोर येऊन उभा राहिला. तिने दोन रात्री जागून कोट शिवला. मोजले तर खिसे एकवीसच भरले. एक विसरला होता, आणि घाईत अस्तरही उजवीकडे ओढलं गेलं होतं. ती कपाळाला हात लावून रडली, आणि तिसऱ्या रात्री दुसरा कोट शिवला. तोच पडद्यावर होता. सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात तिचंही नाव होतं.

ही बातमी तिने थोरल्या बहिणीला फोनवर सांगितली, आणि तिथेच चुकली. थोरलीने पंचवीस वर्षांत या घरातल्या एकाही गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. दहापावलेंचा उल्लेख ती 'तुझा तो दारवाला' असाच करायची. "सिनेमात नाव? तुझं? मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं मानत नाही. रविवारी दुपारच्या खेळाला येते."

म्हणजे सिनेमा रविवारपर्यंत टिकायला हवा होता, आणि तो टिकणार की नाही हे दहापावलेंच्या अहवालावर होतं.

बायको पुन्हा कानाशी आली. "एक सांगते. माझ्यासाठी खोटं सांगू नका!"

"सांगणार नाही."

"पण खरंच चांगलं बोलले लोक, तर जरा मोठ्याने सांगा!"

घरातून निघताना तिने त्यांना कपाटातला तो एकवीस खिशांचा कोट घातला. सर्दी झालेल्या माणसाला ऊब हवी, एवढाच साधा विचार. त्यातून पुढे काय होणार आहे, याची दोघांनाही कल्पना नव्हती.

पहिला खेळ सुटला. दहापावलेंनी दार उघडलं आणि नेहमीच्या जागी उभे राहिले. माणसं बाहेर येऊ लागली, त्यांचे ओठ हलत होते, पण ऐकू यायची ती नुसती गुणगुण. पन्नास माणसं अशीच गेली. मग दहापावलेंनी विचार केला, कान लोकांपर्यंत पोहोचत नसतील तर आपणच पोहोचावं. एक जोडपं बोलत चाललं होतं, ते हळूच त्यांच्या मागे गेले आणि दोघांच्या मधोमध मान घातली. जोडप्याने वळून पाहिलं. पाहतात तर मागे हुबेहूब सिनेमातला कोट, आणि त्याच्या आत एक वयस्क गृहस्थ, आकाशाकडे बघून आपण त्या गावचेच नाही असं दाखवत होते.

जोडप्यातली बाई किंचाळली आणि मग खो खो हसत सुटली.

दहापावलेंना वाटलं, सिनेमा आठवून हसतेय. चांगलं चिन्ह! त्यांनी ते टिपून ठेवायचं ठरवलं आणि वहीसाठी खिशात हात घातला. हाती लागला कंगवा. दुसऱ्या खिशात लाह्यांचा पुडा, तिसऱ्यात कानात घालायच्या थेंबांची बाटली, चौथ्यात बायकोची मापाची फीत. ती बाहेर ओढावी तितकी येतच राहिली. तोवर भोवती वीस माणसं जमली होती, आणि दर खिशाला हशा पिकत होता. कारण पडद्यावर नेमकं हेच पाहून ती बाहेर आली होती.

"अहो, हे सिनेमावाल्यांनीच ठेवलेत!" एकजण म्हणाला. "जाहिरात आहे ही!"

"काय काम करतोय पण! चेहऱ्यावर रेष हलत नाहीये बघा!"

रेष कशी हलणार? ऐकू आलं तर हलणार ना. ते जाहिरातीच्या मोठ्या फलकाआड गेले आणि पलीकडे बोलणाऱ्या दोन विद्यार्थिनींच्या दिशेने कान काढला. फलकाखालून त्यांचे पाय आणि वरून कापूस घातलेला एक कान दिसत होता. मुलींनी त्या कानाचा फोटो काढला. पुढच्या खेळाला आलेली रांग मोडून लोक इकडे आले. समोरचा केस कापणारा एका गिऱ्हाईकाला तसाच अर्धा सोडून बाहेर आला, आणि थोड्या वेळाने ते अर्धं गिऱ्हाईकही आलं.

शेवटी वही सापडली, पण चष्मा सापडेना. दहापावलेंनी मग शरणागती पत्करली. वही आणि पेन लोकांपुढे धरून ते म्हणाले, "कसा वाटला, ते इथं लिहा. जरा खरं लिहा, हात जोडतो. माझ्या घरचा प्रश्न आहे."

या शेवटच्या वाक्यावर तर टाळ्याच पडल्या.

वही भरली. दहापावले ती घेऊन वर ऑफिसात गेले.

मालकीणबाईंनी विचारलं, "काय काका, कसा आहे?" तो प्रश्न त्यांना ओठांवरूनच कळला, कारण तीस वर्षं तो एकच प्रश्न होता. एवढे लोक हसताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 'झकास' म्हटलं असतं तर ते फारसं खोटंही ठरलं नसतं. रविवार समोर दिसत होता, थोरली दिसत होती, आणि मशीनवर वाकलेली बायकोही दिसत होती.

"बाई," ते म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही. कानात कापूस आहे. आज अहवाल नाही." आणि एवढं बोलून त्यांनी वही टेबलावर ठेवली.

बाईंनी वही उघडली.

'पहिल्या भागाची सर नाही. पण पहिल्या भागाच्या वेळीही मी असंच म्हणालो होतो, आणि मग तो चार वेळा पाहिला.'

'गोष्ट सापडली नाही. शोधावीशीही वाटली नाही.'

'खलनायक फार हुशार दाखवलाय. अशा सिनेमात ते शोभत नाही. बाकी उत्तम.'

'हेर तेराव्या खिशातून चमचा काढतो आणि त्याने बॉम्ब ढवळतो, तिथे आमचे हे मोठ्याने हसले. लग्नानंतर दुसऱ्यांदा. सिनेमावाल्यांचे आभार.'

'पहिला भाग पाहिलेला नाही. हा पाहून तो पाहावासा वाटला. यापेक्षा अधिक गुण मी कुणाला देत नाही. (निवृत्त मुख्याध्यापक)'

'कोट ज्याने शिवला असेल त्याला सलाम.'

'सिनेमा दहापैकी सात. दारातले आजोबा दहापैकी दहा.'

आणि पुढे पानंच्या पानं आजोबांवर होती. बाई वाचता वाचता हसायला लागल्या. मग खुणेने विचारून कोटाची हकीगत काढली, कोणी शिवला, कधी शिवला, रविवारी कोण येणार, सगळं. ते सांगून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'यात सिनेमाचं कौतुक किती आणि तुमचं किती, हे मला कळत नाही. मीच बसते पुढच्या खेळाला.' चष्मा नसल्यामुळे दहापावलेंना ते वाचता येईना. बाईंनी त्यांचा खांदा धरून वळवलं, पाठीवरच्या खिशातून चष्मा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

तीस वर्षांत बाई पहिल्यांदा आपल्याच सिनेमागृहात जाऊन बसल्या. दहापावले बाहेर येरझाऱ्या घालत होते. पाचव्या मिनिटाला बाईंचा डोळा लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. झोपलेल्या माणसाला सिनेमा कसा आवडणार?

खेळ सुटला. बाई बाहेर आल्या. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. चौथ्याला त्या काहीतरी बोलल्या. दहापावलेंनी अगतिकपणे कानाकडे बोट दाखवलं आणि वही पुढे केली.

बाईंनी तिथेच थांबून लिहिलं. त्यांचा सगळा अभिप्राय तीन शब्दांचा होता.

'झोप लागली नाही.'

त्या संध्याकाळी दहापावलेंनी घरी जाऊन ही बातमी इतक्या मोठ्याने सांगितली की शेजारणीनेही अभिनंदन केलं.

पण एक अडचण त्यांना शुक्रवारीच दिसली होती. शेवटची नावं सुरू झाली की लोक उठत. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या की खालचा अर्धा पडदा डोक्यांनी झाकून जाई, आणि शिवणकाम करणारीचं नाव बरोबर त्या वेळी तिथून जाई. यंत्रावरच्या माणसाला सांगून नावं पूर्ण दाखवता आली असती. डोकी कशी खाली बसवायची?

रविवारी सकाळी कापूस निघाला. दुपारी थोरली आली. मधल्या रांगेत धाकटीशेजारी बसली आणि खुर्ची टोचते म्हणाली. सिनेमाभर ती हसली नाही असं नाही, पण हसताना तोंडावर पदर धरला.

सिनेमा संपला. नावं सुरू झाली. दिवे लागले, लोक उठून दाराकडे निघाले. दाराला आतून कुलूप होतं, आणि दारासमोर एकवीस खिशांच्या कोटात दहापावले उभे होते.

"किल्ली," ते म्हणाले, "इथंच कुठंतरी ठेवलीय बरं का."

पहिल्या खिशातून कंगवा निघाला. दुसऱ्यातून थेंबांची बाटली. तिसऱ्यातून कानातला कापूस निघाला, तो त्यांनी उजेडात धरून नीट पाहिला आणि पुन्हा जपून ठेवला. लोक हसायला लागले. मापाची फीत सुरू झाली तेव्हा माणसं परत खुर्च्यांवर बसली, कारण हे उभ्याने पाहण्यासारखं नव्हतं. पडदा मोकळा झाला. किल्ली पहिल्यापासून दहापावलेंच्या डाव्या मुठीत होती. दर खिशाबरोबर ते एक डोळा पडद्यावर ठेवून होते.

आणि ते आलं. पूर्ण नाव, आडनावासकट, स्वच्छ अक्षरांत. बायको ते वर सरकताना पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने न बघताच थोरलीचा हात घट्ट धरला. "ताई, बघ! बघ ना!"

"बघतेय की!" थोरली डोळे पुसत म्हणाली. ती हसून हसून खुर्चीत आडवी झाली होती, पदर केव्हाच तोंडावरून गेला होता, आणि ती दाराकडे बघत होती. धाकटीने मान वळवली तोवर नाव पडद्यावरून निघून गेलं होतं.

दहापावलेंना 'अचानक' किल्ली सापडली. दार उघडून ते आपल्या जागी उभे राहिले. आज कान मोकळे होते.

दोघी बहिणी बाहेर आल्या. पहिली चार पावलं थोरली नुसती हसत होती.

"नाव राहिलं ना गं तुझं बघायचं," ती पाचव्या पावलाला म्हणाली.

"राहिलं. पुढच्या खेळाला पुन्हा बसू?"

"बसू की. पण त्यांना सांग हं, किल्ली लगेच सापडू द्यायची नाही. काय माणूस मिळालाय तुला!"

'त्यांना'. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. दहापावलेंनी पावलं मोजली. ते आठवं होतं.

अकराव्या पावलाला थोरली थांबली आणि मागे वळून बारीक नजरेने पाहू लागली.

"अस्तर मात्र उजवीकडे ओढलंय गं."

"हो ताई," धाकटी म्हणाली, "तो पहिला कोट आहे. चांगला पडद्यावर आहे, तो आता नीट बघ."