उघडणीचा हंगाम

कोणत्याही समाजाची प्रगती त्याला किती पत्रे येतात यावरून ठरते. ती वाचली जावीत, असे मात्र कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही. या दुसऱ्या वाक्यावर आज वाशिम जिल्ह्यातील अनसिंग येथे एक अख्खा उद्योग उभा आहे. त्याची एकत्रित माहिती कुठेच मिळत नसल्याने ती येथे देत आहोत.

उद्योगाचे संस्थापक धीरज हे बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतात. ('चालवतात' हा शब्द त्यांच्या वडिलांना मान्य नाही.) गाळा वडिलांचा, म्हणजे उत्तमरावांचा. यंदा पेरणी आटोपताच उत्तमरावांनी मुलाला नोटीस दिली. ती लेखी नव्हती, पण सगळ्या गल्लीला पोचली.

"सोयाबीन घरी येईपर्यंत तुह्या कम्प्युटरनं चार पैसे दाखवले त ठीक. नाईतर हा गाळा चिकन सेंटरवाल्याले देतो. त्यानं इसार आणून ठेवला. मंग तू हाये अन् डवरा हाये."

शेतातला डवरा टाळण्यासाठी धीरजने संगणकाची झडती घेतली. तीत एक यादी सापडली.

यादीचा इतिहास असा. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका श्वानखाद्य कंपनीने गावात शिबिर घेतले होते. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला एक पट्टा आणि एक किलो खाद्य फुकट. अट एवढीच की फॉर्मवर स्वतःचा ईमेल हवा. पहिल्या दिवशी गावात कुत्र्यांचे मालक चार होते. पट्टा बकरीलाही बसतो हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी ते १,८६२ झाले. (खाद्य म्हशींना घातले. दूध पावशेराने वाढले, असे जाणकार सांगतात.) ईमेल कोणाकडेच नव्हता, तेव्हा धीरजने प्रत्येकी दहा रुपये घेऊन १,८६२ पत्ते तयार केले आणि सर्वांना एकच पासवर्ड ठेवला. लोकांना लक्षात ठेवायला सोपा जावा, हा हेतू. लोकांना तो सांगितला मात्र नाही. कंपनी पुढे बुडाली आणि यादी राहिली.

एका व्हिडिओत धीरजने ऐकले होते की पैसा यादीत असतो. पुण्याची एक जाहिरात एजन्सी शहराशहरांत 'श्वानमित्र' नावाचे साप्ताहिक ईमेल पत्र पाठवत असे. ते आपल्या यादीला पाठवण्याचे त्याने तिच्याशी बोलणे केले: उघडलेल्या प्रत्येक पत्रामागे दोन रुपये. सहा आठवड्यांत एकूण एक पत्र उघडले गेले. ते त्याने स्वतःच, बरोबर दिसते का पाहण्यासाठी, उघडले होते.

सातव्या आठवड्यात कस्तुराबाई बँकेच्या केवायसीसाठी दुकानात आल्या. धीरजने त्यांचा ईमेल उघडला. आत सहा पत्रे पडून होती.

"काहून गा धीरज, इतकी पत्रं मले कोण पाठवून राह्यलं?"

"मीच, काकू."

"मंग मी सामोर बसली हावो त तोंडानं सांग ना बाप्पा."

धीरजने सांगितले नाही. सहाही पत्रे उघडली. बारा रुपये जमा झाले.

याला कोणी फसवणूक म्हणेल. ते चूक आहे. पत्र कस्तुराबाईंच्या पत्त्यावर आले, त्यांच्याच पत्त्यावर उघडले गेले आणि त्या वेळी त्या जातीने हजर होत्या. पुण्यातले किती वाचक स्वतःचे पत्र उघडताना हजर असतात?

प्रश्न उरला मनुष्यबळाचा. एकट्याने १,८६२ पत्रे उघडताना धीरजचे मनगट सुजले. तेव्हा विमलबाईंच्या बचत गटाशी करार झाला. अशा रीतीने पेरणी, डवरणी, निंदणी यांच्या जोडीला 'उघडणी' हे काम तालुक्यात रूढ झाले. दर शेकडा चाळीस रुपये; मोबाइल आणि डबा जिचा तिचा; चारचा चहा मालकाकडून. (गटातल्याच कस्तुराबाईंनी चहासोबत टोस्ट मागितला. तो विषय प्रलंबित आहे.)

बायांनी एकच आगळीक केली. त्या पत्रे वाचू लागल्या.

"कुत्र्याले घरात एकटं वाटते म्हणते वं."

"वाटू दे. मले एक दिवस तसं वाटलं त नारळ फोडीन."

"अन् हे पाय, कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक. आठशे रुपये."

"कुत्र्याचाच ना? मंग बराबर हाये. माणसावर एवढा खर्च कोण करते?"

तिकडे एजन्सीत खळबळ माजली. इतर शहरांत शंभरातले एकोणीस लोक पत्र उघडत होते. अनसिंगात शंभरातले शंभर. तेही यादीतल्या क्रमानेच, अकरा ते पाच या वेळेत. सगळे १,८६२ वाचक एक ते दोन एकदमच जेवत आणि पोळ्याच्या सणाला तर एकानेही पत्र उघडले नाही. एजन्सीने यावरून सरळ निष्कर्ष काढला: वाचक सुसंस्कृत आहेत. वर्षभराचा करार करण्याआधी या वाचकांना भेटून यावे म्हणून निहारसर नावाचे अधिकारी स्वतः निघाले.

ते आले तेव्हा सोयाबीन सोंगून घरी आले होते. उत्तमराव गाळ्याची किल्ली हातात घेऊनच खुर्चीत बसले होते. चिकन सेंटरवाला बाहेर शटरची रुंदी मोजत होता.

निहारसरांनी पहिला प्रश्न कस्तुराबाईंना केला. "ताई, तुमचा कुत्रा कुठाय?"

कस्तुराबाईंनी रस्त्याकडे बोट केले. "तो काय. सकायी माह्या दारात अस्ते, दुपारी विमलच्या, संध्याकाई हॉटेलात."

"म्हणजे नेमका कोणाचा?"

"ज्याची पोळी खाल्ली त्याचा. आता कोणाची खाल्ली, ते त्यालेच विचारा."

निहारसरांनी गावात फेरी मारून कुत्री मोजली. एकतीस भरली. म्हणजे दर कुत्र्यामागे साठ पूर्णांक सहा शतांश मालक. उत्तमरावांनी किल्ली बोटात फिरवली.

"ताई," निहारसर आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगा. आमचं पत्र तुम्ही वाचता?"

"वाचतो म्हंजे? मागच्या सोमवारी लिवलं का कुत्र्याले चॉकलेट देऊ नका, मरते. अन् या सोमवारी चॉकलेट बिस्किटाची जाहिरात देली. साहेब, तुमी वाचता काय?"

निहारसरांनी कबूल केले, की मजकूर यंत्र लिहिते, ते स्वतः तो न वाचता पुढे पाठवतात, त्यांचे साहेब 'उत्तम' एवढेच लिहून परत पाठवतात आणि जाहिरातदार फक्त आकडा पाहतो. 'श्वानमित्र' निघाल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत ते कोणी वाचल्याची ही पहिलीच घटना होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी करार केला. एक वर्षाचा नव्हे, तीन वर्षांचा. शिवाय स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड विमलबाईंच्या हाती दिला. आत ११,४०० पत्रे तुंबली होती. "साहेबांची असतील तर 'हो सर' म्हणा," एवढीच त्यांची सूचना होती.

उत्तमरावांनी किल्ली खिशात घातली आणि चिकन सेंटरवाल्याला इसार परत दिला. "पोट्टं काय करून राह्यलं, ते मले समजत नाई," ते म्हणाले, "पण साहेब रडला म्हंजे धंदा खरा असन."

त्यानंतर उद्योग फोफावला. निहारसरांच्या साहेबांनी आपली पत्रे पाठवली. एका महाविद्यालयाने प्रबंध पाठवले. सोसायट्यांनी वार्षिक अहवाल पाठवले. रिठदला दुसरे केंद्र निघाले. तिथे फक्त कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभात उघडतात. अखेर दिवाळी अंक आणि पुस्तके काढणारेही आले. विकली जातात पण उघडली जात नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार होती. त्यांच्यासाठी शेकडा पानांना साठ रुपये, अभिप्रायासह असा वेगळा दर ठरला.

प्रस्तुत कथा त्याच योजनेत आहे. मागच्या मंगळवारी अकरा वीस ते अकरा पंचवीस या वेळात विमलबाईंनी ती तुमच्या नावाने वाचली. तुम्ही तीनदा हसलात आणि शेवटी अंतर्मुख झालात, अशी नोंद आहे. आत्ता तुम्ही जे वाचलेत ते दुबार झाले. ते हिशेबात धरता येत नाही. ही कथा तुम्हाला कशी वाटली असे कोणी विचारले, तर परस्पर काही सांगू नये. अनसिंगला फोन करून आधी विचारून घ्यावे.