तांबडीचं विरजण

मल्हारीनं पारावर सगळ्यांदेखत छाती ठोकली, "मेंढरांमागं हिंडणं आता बंद! बजाजनगरला रोज नव्या खानावळी निघायल्यात. तिथल्या समद्या ताटांत कोंबडी पडंल ती या मल्हारीची!" आणि वाटणीची मेंढरं थोरल्या भावाला देऊन गड्यानं शंभर पिल्लं आणली. भाऊ भिकन एवढंच बोलला, "पिल्लं मेली, तर घोंगडं घेऊन माझ्या हाताखाली यायचं."

आठवडा गेला नाही तोच पिल्लांना हगवण लागली! पंख पाडून अशी उभी राहिली, जणू मल्हारीचंच सुतक पाळतायत. दोन-चार तर आडवीही झाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती, तरी पठ्ठ्या चालत कन्नडला गेला आणि जनावरांचे डॉक्टर बद्रीनाथ यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"पोटात वाईट जंतू वाढलेत," डॉक्टर म्हणाले. "खाद्यातून चांगले जंतू घातले, की ते वाइटांना जागाच ठेवत नाहीत. त्याची पूड निघालीय, पण गाड्या चालू झाल्याशिवाय ती काही पुण्याहून येत नाही."

"तवर पिल्लं दम धरतील का, साहेब?"

"मग असं कर. एखाद्या ठणठणीत कोंबडीची ताजी शीट घे, ताकात कालव, खाद्यात मिसळ. विरजणच समज!"

गावात ठणठणीत कोंबडी एकच, रामकिसनच्या बायकोची, द्वारकाबाईची तांबडी. तिला बघून कुत्री बोळ बदलायची! पण पारावर छाती ठोकलेला माणूस "काकू, तुमच्या कोंबडीची शीट द्या" असं कुठल्या तोंडानं म्हणणार? मल्हारी वाटी घेऊन गुपचूप तांबडीच्या मागं लागला. ती उकिरड्यावर, हा उकिरड्यावर. ती गोठ्यात, हा गोठ्यात. एरवी दिवसभर अंगण घाण करणारी बया, आज मात्र कडक उपास धरल्यासारखी! दिवस मावळता ती ओसरीवर चढली. वाटी पुढं धरून मल्हारीही रांगत चढला, तो थेट द्वारकाबाईच्या पायांपाशी!

"कोंबडीचोर!"

"चोर नाय, काकू! कोंबडी नको मला!"

"मग वाटी कशाला? करणी करायला आलास व्हय रं मुडद्या?"

रामकिसन काठी घेऊन धावला. मल्हारीनं घाबरून डॉक्टरचं सगळं बोलणं सांगून टाकलं, अगदी विरजणासकट. नेमकी तेव्हाच तांबडी मोकळी झाली! मल्हारीनं झडप घातली, वाटी भरली आणि पळणार, तोच द्वारकाबाई आडवी आली.

"विरजण म्हणलास ना? मग ठेव खाली! तिन्हीसांजंला विरजण घराबाहेर देत नसतेत. लक्ष्मी जाती!"

"अवो काकू, शीट हाय ही!"

"तूच म्हणलास विरजण!"

मल्हारीनं आशेनं रामकिसनकडं पाहिलं. रामकिसन लगेच काठी ठेवायला आत गेला.

"लई जीव लावलाय हो त्या पिल्लांना. मरतील ती!" मल्हारीनं वाटी छातीशी कवटाळली.

द्वारकाबाई विरघळली. "मरतील कशाला? आण की समदी हितंच!"

मल्हारी आणि त्याची बायको बानाबाई यांनी डालगी डोक्यावर घेऊन सगळी पिल्लं ओसरीवर आणली. द्वारकाबाईनं स्वतः ताक दिलं, ज्वारीची भरड दिली. पिल्लं तुटून पडली! "उपकार झाले, काकू," म्हणत मल्हारीनं डालगं उचललं.

"कुठं निघालास? विरजण आता पिल्लांच्या पोटात हाय!"

झालं! मुक्काम ओसरीवर. पिल्लांनी ओसरीचं काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. "हाच का तुमचा धंदा?" बानाबाईनं नाकाला पदर लावून विचारलं.

सकाळी बघतो तर काय, पिल्लं टुणटुणीत! रात्रीत एकही दगावलं नाही. भिकन आला, पिल्लं निरखून पाहिली आणि खाकरत निघून गेला. मल्हारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं खुशीत डालगं उचललं, "निघतो, काकू. उजाडलं आता."

द्वारकाबाईनं मान हलवली. "आज शुक्करवार. लक्ष्मीचा वार. आज तर दिवसाढवळ्याबी नाय! आन् बसलाच हायस तर ओसरी सारवून घे. शेण गोठ्यात हाय."