फाटकाबाहेरचे हिवाळे सर

आमच्या शाळेत इतिहासाच्या शिक्षकांच्या कपाटात नकाशे कमी आणि कपडे कडक करण्याची सोय जास्त होती. हिवाळे सरांनी तिथे चांगली जड इस्त्री ठेवली होती. सहलीच्या दिवशी ते भल्या सकाळी यायचे, शिक्षक-खोलीतल्या टेबलावर घोंगडी अंथरायचे आणि आठवीतल्या मुलांचे सदरे एकेक करून इस्त्री करून द्यायचे. मुलं बनियनवर रांगेत कुडकुडत उभी. मुली ओढण्या घेऊन दाराशी. "इतिहासासमोर चुरगळलेलं जायचं नाही," हे सरांचं पालुपद.

मी चित्रकलेची बाई. ते टेबल खरं तर माझं. एका वर्षी घोंगडीखाली राहिलेल्या माझ्या निसर्गचित्रालाच त्यांनी कडक इस्त्री केली. मी चिडले, तर म्हणाले, "बाई, डोंगर सपाट झाले हे खरं, पण आता प्रवास सोपा होईल."

असा हा माणूस. सनावळीचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. सन चुकला तर अर्धा गुण कापायचे, पण वहीत कोणाला नुसतं 'महान' लिहिलं की सरळ भोपळा. "काय केलं ते लिहा. माहीत नसेल तर जागा कोरी सोडा." एका पालकांनी विचारलं, इतिहास शिकून मुलाला पुढे काय मिळणार? सर शांतपणे म्हणाले, "पुढे काही नाही. आमच्याकडे सगळं मागचंच असतं." ते पालक पुन्हा शाळेत फिरकले नाहीत.

सहल दर वर्षी एकाच ठिकाणी. आमची शाळा स्वारगेटजवळ, तिथून चालत जाऊन पेठेतलं गुरुजींचं स्मारक. हे गुरुजी म्हणजे हमालांच्या आणि झाडूवाल्यांच्या मुलांसाठी त्या काळी शाळा काढणारा माणूस. त्यांच्या राहत्या घराचं आता संग्रहालय झालंय. मुख्याध्यापिका दर वर्षी सुचवायच्या, यंदा कात्रजला सर्पोद्यान बघू या. सर म्हणायचे, "साप काय, वर्षभर तिथेच असतात. आठवी एकदाच असते."

आणि खरी गंमत पुढेच. ज्या स्मारकासाठी हा एवढा आटापिटा, त्याच्या आत सर कधीच जात नसत. कुठल्या कपाटात काय आहे, चष्म्याची कोणती काडी मोडलेली आहे, हे वर्गात डोळे मिटून सांगायचे. प्रत्यक्षात मात्र मुलांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत फाटकाबाहेर उभे. मुलांना आत मी न्यायची. आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली. सरांना धुळीचा त्रास आहे, असं कोणी म्हणे. सरांना फुकट तेच ते बघायचा कंटाळा आहे, असं कोणी. सर हसून वेळ मारून नेत. मला या गोष्टीचं वाईट वाटायचं, रागही यायचा.

यंदाची सहल शेवटची होती. मराठी माध्यमाचा वर्ग जूनपासून बंद होणार आणि सरही निवृत्त होणार. आठवीत उरली होती एकोणीस मुलं. आज सरांना आत न्यायचंच, असं मी मनाशी ठरवून निघाले.

मंडईवरून जाताना सर नेहमीसारखेच गप्प झाले. स्मारकाशी पोचलो तेव्हा वॉचमन एकेका मुलाचं नाव विचारून वहीत लिहून घेत होता, त्यामुळे रांग फाटकाशी अडून राहिली. मी सरांना बाजूला घेतलं.

"सर, आज चला. पुन्हा कोण आणणार आहे आपल्याला?"

सर बाटल्यांची पिशवी खाली ठेवून म्हणाले, "बाई, मी एकदा गेलोय आत. सातवीत. आमच्या शाळेची सहल इथेच आली होती."

त्यांचे वडील मंडईत हमाल. आदल्या दिवशी त्यांनी तांब्यात निखारे घालून पोराचा सदरा इस्त्री केला आणि सकाळी स्वतः या फाटकापर्यंत सोडायला आले. अंगावर मंडईतलेच मळके कपडे, डोक्याला फडकं. वर्गशिक्षकांनी विचारलं, हे कोण रे? पोरं बघत होती.

"मी म्हणालो, शेजारचे आहेत. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांना म्हणाले, 'व्हय, शेजारचाच हाय मी.' आणि गेले. मी आत गेलो. पहिल्याच कपाटात गुरुजींच्या शाळेचं रजिस्टर उघडं ठेवलेलं होतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा. प्रत्येक बापाच्या नावाआधी गुरुजींनी 'श्री.' लावलाय, बाई. श्री. अमुक, हमाल. श्री. तमुक, झाडूवाला." सरांनी फाटकाकडे पाहिलं. "वडील वारले तोवर त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. आता त्या रजिस्टरासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?"

इतक्या वर्षांच्या थट्टेची मला लाज वाटली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून झाडत येणारी एक बाई आमच्या रांगेजवळ थबकली. अंगात महापालिकेचं केशरी जाकीट. रांगेतली प्रणाली एकदम खाली वाकली आणि बांधलेली बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागली. त्या बाईंनी ते पाहिलं, आमच्याकडे पाठ केली आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागल्या.

सर तरातरा त्यांच्याकडे गेले. मी मागोमाग.

"ताई, तुम्ही प्रणालीच्या आई ना? पालकसभेला पहिल्या बाकावर असता."

बाईंनी चोरून मुलीकडे पाहिलं. "न्हाई सर. तुमचं काहीतरी चुकतंय. मी हितली झाडूवाली हाय."

सरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ते मागे फिरतील. पण ते म्हणाले, "आज मुलं हे घर बघणार आहेत. तुम्हीही बघा."

"हातात झाडू हाय, सर. काम पडलंय."

"द्या तो. मी धरतो."

बाई नको नको म्हणत असतानाच सरांनी झाडू काढून घेतला. त्या पदर सारखा करत फाटकाशी आल्या. वॉचमननं वहीतून मान वर न करता विचारलं, "या कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर सरांनी हातानं मला थांबवलं. प्रणाली उभी राहिली. कानापर्यंत लाल झाली होती.

"माझी आई," ती म्हणाली.

वॉचमननं नाव लिहून घेतलं. दोघी आत गेल्या, मागोमाग उरलेली मुलंही.

"चला ना सर आता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "काय म्हणाली ती?"

सर चार पावलांवर उभे होते आणि त्यांचे कान शाबूत होते. तरी मी सांगितलं, "माझी आई, म्हणाली."

"दोनच शब्द होते, बाई," सर म्हणाले. मग रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी झाडू धरून ते तिथेच फाटकाबाहेर उभे राहिले.