एका बकरीचा कॅमेरा

यमुनाआत्या तेरवीच्या जेवणाला गेली की आधी मेलेल्या बाईच्या फोटोला रागावते.

मांडवात शिरते, चपला काढते, हार घातलेल्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि म्हणते, "हे काई तोंड हाय काय?" गावाला आता सवय झाली आहे. नवा पाहुणा मात्र दचकतो. त्याला वाटतं, मेलेल्या बाईशी हिचं जुनं भांडण असेल. भांडण फोटोशी असतं.

आमच्या इकडे म्हाताऱ्या बाया फोटो काढून घेत नाहीत. लग्नात काढलाच तर घोळक्यात, सगळ्यांच्या मागे, पदर पार नाकापर्यंत. मग बाई गेली की घरात शोधाशोध सुरू होते आणि शेवटी हाती लागतं आधार कार्ड. त्यावरचाच फोटो मोठा करून, काच लावून आणतात. आधारचा फोटो कसा असतो ते मी सांगायला नको. जन्मभर हसतखेळत राहिलेली बाई भिंतीवर अशी बसते, जशी काही कोणाची कोंबडी चोरताना आत्ताच सापडली.

आत्या माझी सख्खी आत्या नाही. ती गावाची लेक, म्हणून सगळ्यांचीच आत्या. तरुणपणी नवऱ्याने माहेरी आणून सोडली आणि तो पुन्हा न्यायला आला नाही. भाऊ होता तोवर ती भावाच्या घरी होती. भाऊ गेला, भाचे अकोल्याला राहायला गेले. आता आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ती आणि तिच्या बकऱ्या राहतात. ती सगळी किंमत बकऱ्यांत मोजते. आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "तीन बकऱ्या उभ्या हायेत म्हन स्वयंपाकघरात. अन् दूध एकीचं नाई."

खरेदीत मात्र तिचा हात धरणारं कोणी नाही. गावात लग्न ठरलं की बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, आधी आत्याला बोलावतात. ती दुकानात गादीवर मांडी घालून बसते, चहा आल्याशिवाय साडीला हात लावत नाही, सगळ्यांत महाग साडी आधी उघडायला लावते, नाक मुरडते आणि मग हळूहळू आपल्या भावावर येते. निघताना वर एक खण घेतल्याशिवाय उठत नाही.

कॅमेऱ्याचं सुरू झालं ते गिरजाबाईच्या तेरवीला. गिरजाबाई गावातली सगळ्यांत हसरी बाई. दात गेले तरी तिचं हसू काही गेलं नव्हतं. तिचाही तोच आधारचा फोटो. तिची लहान नात फोटो पाहून आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "हे माही आजी नाई."

त्या दिवशी आत्या फोटोला काहीच बोलली नाही. जेवली, हात धुतले आणि पदराला पुसत मला म्हणाली, "मंगल, केमेरा घ्याचा."

मी म्हटलं, "आत्या, मोबाईलवर निघते की फोटो. माझ्या पोराले सांगते."

"मोबाईलातला फोटो पोराच्या संग पुन्याले जाते. आपल्याले कागदावर पाह्यजे. केमेराच घ्याचा. एका बकरीत बसन तेवढा. अन् तू चाल माह्यासंग."

मी चौथी शिकलेली. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. दुकानात गेले तर भाव विचारायच्या आधी घाम फुटतो. शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत, ग्रामपंचायतीतली शिकलेली पोरं आहेत. त्यांना सोडून ही मला का नेते, ते मला कळेना. विचारलं तर म्हणाली, "तूच पाह्यजे." बस, एवढंच.

आमच्या गावाहून, मेडशीहून, सकाळच्या एसटीने आम्ही वाशिमला गेलो. आत्याने काठाची साडी नेसली होती, बस्त्याला नेसते ती. पहिल्या दुकानातला पोरगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "कॅमेरा कोण घेते आता, आजी?"

"मी घेते," आत्या म्हणाली. "तुले दिसून नाई राह्यली काय?"

त्याने दुसऱ्या गल्लीतल्या शेटजींचं दुकान सांगितलं. तिथे फोटोही काढत होते आणि जुने-नवे कॅमेरेही विकत होते. आत्याने दारातच चपला काढल्या, आत जाऊन इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "गादी कुठी हाय?"

शेटजी वयस्कर होते. गोरे, कानात अत्तराचा फाया. ते क्षणभर पाहतच राहिले. मग हसले. "माताजी, इथं वडिलांचं कपड्याचं दुकान होतं तवा गादी होती. आता स्टूल आहे. बसा. चहा सांगतो."

चहा सांगतो म्हटल्याबरोबर आत्याने त्यांना पास केलं.

चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता सगळ्यात भारीचा काढा."

शेटजींनी एक मोठा काळा कॅमेरा काढला. त्याचं पुढचं नळकांडं माझ्या हाताएवढं लांब. आत्याने तो दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं.

"कितीक बकऱ्या?"

"काय?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. आता मलाच बोलावं लागणार होतं. मी जमिनीकडे पाहत म्हटलं, "त्या बकऱ्यांत मोजतात, शेटजी. आमचं... आमचं एका बकरीत बसवायचं आहे."

मला वाटलं, ते हाकलून देतील. पण त्यांनी चष्मा वर केला, डोळे मिटून हिशोब केला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा तर मग पूर्ण कळप आहे, माताजी."

"ठेवा आत. उगा ऊन लागन त्याले."

मग दोन बकऱ्यांचा आला, दीड बकरीचा आला. आत्याने प्रत्येकाला नाक मुरडलं. शेवटी शेटजींनी खालच्या कप्प्यातून एक लहान, चंदेरी, वापरलेला कॅमेरा काढला. "हा बसेल एका बकरीत. नवा शिकणाऱ्याला चांगला आहे."

"कोनाचा होता?"

"एका मास्तरच्या मुलीचा. तिनं मोबाईल घेतला."

"घर चांगलं हाय काय त्यायचं?"

"एकदम चांगलं."

"मंग पडला-झडला नसन." असं म्हणून तिने तो कॅमेरा थेट माझ्या हातात दिला. "इले जमते काय पाहा. इले जमला तं घेतो. नाई तं नाई."

मी बटण दाबलं. फोटोत शेटजींऐवजी धूर आला. पुन्हा दाबलं, त्यांचा एक कान आला. आत्या म्हणाली, "दुसरा दाखवा." दुसऱ्या कॅमेऱ्याचा पट्टाच माझ्या बोटांत अडकला. "आणखीन दाखवा." मला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं. वाटलं, ही मला मापासारखं घेऊन आली आहे. जे सगळ्यांत मंद बाईला जमेल ते गावात कोणालाही जमेल, असा हिचा हिशोब.

"आत्या, तुमीच काहून नाई दाबत?" मी हळूच म्हटलं.

"मी दाबून काय करू? तू दाब."

शेटजी समोर येऊन उभे राहिले. त्यांनी पुन्हा तो चंदेरी कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बाई, घाई करू नका. ही चकती फिरवून हिरव्या खुणेवर ठेवा, बाकी सगळं तो पाहतो. कोपर पोटाशी लावा. बटण अर्धंच दाबा आणि थांबा. चेहऱ्यावर चौकट आली की पूर्ण दाबा."

कोपर पोटाशी लावायला मला आवडलं. लाजल्यावर मी तशीच उभी राहते. अर्धं दाबलं, थांबले. शेटजींच्या तोंडावर हिरवी चौकट आली. पूर्ण दाबलं.

आत्याने मागच्या काचेत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "शेटजी, हे तोंड हाय," ती म्हणाली. "हाच द्या."

शेटजींनी फोटो साठवायचं कार्ड दिलं, पिशवी दिली. आत्या उठेना. "अन् खण?"

"कॅमेऱ्यावर खण?"

"तुमच्या वडलायनं कोनाले बिना खणाचं धाडलं काय?"

शेटजींनी हात जोडले, ड्रॉवर उघडला आणि एक छोटा पिवळा मऊ रुमाल तिच्या ओटीत टाकला. काच पुसायचा आहे, असं ते म्हणत होते, पण आत्या तोवर बाहेर पडून चपला घालत होती.

घरी आल्यावर तिने पाट मांडला. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही. मी कॅमेरा चालू करून पाटावर ठेवला, तसं त्याचं नाक बाहेर आलं. आत्याला वाटलं, हेच कपाळ. तिने हळदीकुंकवाचं बोट बरोबर काचेच्या मधोमध टेकवलं, वर दोन अक्षता लावल्या आणि नमस्कार केला. कॅमेऱ्याने आपोआप नाक आत घेतलं, कुंकवासकट.

पहिले फोटो काढले ते गल्लीतल्या कौसाबाईचे. कौसाबाई गुलालात न्हाऊन आल्यासारखी दिसत होती. "मी काय निवडनूक जितली काय?" ती म्हणाली. मी आत्याला म्हटलं, तो पिवळा रुमाल द्या, काच पुसते. ती म्हणाली, "खणानं कोनी पुसते काय?" आणि रुमाल पेटीत, साड्यांच्या घडीत गेला. शेवटी मी माझ्याच पदराने पुसलं. कडेला थोडं कुंकू राहिलंच. अजूनही त्या कॅमेऱ्याच्या फोटोंना एका कोपऱ्यात तांबूस छटा येते.

खरी लढाई पुढे होती. आत्या फोटो काढायला येते म्हटल्यावर बाया दारं लावून घ्यायला लागल्या. "मराचा फोटो काढून राह्यली," असं गावभर झालं. एका घरची सून तर आमच्या अंगावर ओरडली, "माही सासू धडधाकट हाय! पुढच्या घरी जा." आत्या हलली नाही. ती ओट्यावरच बसली आणि आतल्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "राहू दे बापा. सून बरोबर म्हंते. उद्या आधार कार्ड हाय भिंतीले लावाले."

आतून म्हातारी आली ती केस विंचरतच.

दुसऱ्या दिवसापासून बायाच आमच्या दाराशी येऊन बसायला लागल्या. मी कोपर पोटाशी लावून उभी राहायची आणि आत्या माझ्या मागे उभी राहून त्यांना हसवायची. "सखू, तुया बुढ्याची वरात आठव. घोड्यावरून पडला होता का नाई?" "अन्नपूर्णे, तू सासूच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं होतं, थे सांगू काय हिले?" बाई हसली की आत्या माझ्या पाठीत बोट टोचायची. "दाब!" मी दाबायची. शेटजी फोटो कागदावर काढून द्यायचे. जितेपणी फोटो भिंतीला लावायचा नसतो, म्हणून सगळ्या बाया तो पेटीत ठेवतात आणि आल्यागेल्याला काढून दाखवतात.

मला बोलता येत नव्हतं, ते या कामात कुठे अडलं नाही. हळूहळू मीही "थोडं उजेडाकडे पाहा" एवढं म्हणू लागले.

एके दिवशी दुपारी आत्या आली ती तीच काठाची साडी नेसून. केसांना तेल लावलेलं, पेटीतला पिवळा रुमाल हातात. ओट्यावर बसली.

"सगळ्यायचे झाले," ती म्हणाली. "आता माहा."

मी कॅमेरा धरला. तिच्या तोंडावर हिरवी चौकट आली, पण तोंड दगडासारखं. साऱ्या गावाला हसवणारी बाई आणि तिला हसताच येईना. तिच्यासाठी माझ्या पाठीमागे कोणी उभं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुकानात कॅमेरा मलाच जमला पाहिजे, असा तिचा हट्ट होता, तो कशासाठी होता. स्वतःचा फोटो स्वतःला काढता येत नाही. तिला एक माणूस पाहिजे होतं.

"हसा की, आत्या."

"येऊन नाई राह्यलं."

मी कधी कोणाची थट्टा केलेली नाही. पण मी कॅमेरा जरा खाली घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि म्हटलं, "हे काई तोंड हाय काय?"

आत्या आधी पाहतच राहिली. मग अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मी दाबलं.

तिने मागच्या काचेत स्वतःला पाहिलं. पिवळ्या रुमालाने डोळे पुसले. मग बकऱ्यांकडे पाहत, जसं काही भावच विचारते आहे, अशा आवाजात म्हणाली, "मंगल, माह्या भाचरायच्या घरी भिंतीले जागा नाई. त्यायचेच मानसं लय हायेत. तुया घरी एखांदा खिळा हाय काय रिकामा?"

"हाय," मी म्हटलं.

नव्हता. ती गेल्यावर मी हातोडी घेतली आणि समोरच्या खोलीत, दारातून आत आल्या आल्या दिसेल असा एक ठोकला.

तिचा फोटो माझ्या पेटीत आहे. खिळ्याला सध्या मी कॅमेऱ्याची पिशवी अडकवते. आत्या रोज बकऱ्या बांधून झाल्यावर येते, पिशवी बाजूला सारून खिळा हलवून पाहते, "पक्का हाय," म्हणते आणि चहाला बसते.